कायदा आणि भंग

'कायदेभंग' हा शब्द कानावर पडला की आपल्यापुढे १९३० साल उभे राहते. मिठाचा सत्याग्रह, लाठ्या, भरलेले तुरुंग. शब्दाच्या मागे एवढा मोठा इतिहास असला की शब्दाकडे कोणी पाहत नाही. आज मी तुम्हाला त्या शब्दाकडेच पाहायला सांगणार आहे. तो मधोमध उकलू आणि आत काय आहे ते बघू.

उकलल्याबरोबर दोन तुकडे हाती येतात. 'कायदा' अरबी आणि 'भंग' संस्कृत. म्हणजे अर्धा शब्द वाळवंटातून आला, अर्धा गंगेकाठचा, आणि संसार थाटला तो मराठीत. असली लग्ने मराठीला नवी नाहीत. 'पंचनामा' घ्या. पंच आपले, नामा फारसी. 'हक्कभंग' घ्या. हक्क अरबी, भंग पुन्हा संस्कृत, आणि विधानसभेत त्याचा प्रस्ताव मांडताना कोणालाच ठेच लागत नाही.

या जोडाला चिकटवणारा डिंकही पाहण्यासारखा आहे. शब्द 'कायदा' आहे, पण जोडशब्द होताना 'कायदे' झाला. हे अनेकवचन नव्हे. एकच कायदा मोडला तरी तो कायदेभंगच. आकारान्त पुल्लिंगी शब्द जोडायचा असला की मराठी पुष्कळदा त्याच्या शेवटच्या 'आ'चा 'ए' करते. घोडा, पण घोडेस्वार. गुन्हा, पण गुन्हेगार. दरोडा, पण दरोडेखोर. शब्द अरबस्तानातून येवो की इराणातून, दाराशी हा एकार लावूनच मराठी त्याला पुष्कळदा घरात घेते. आणि एकदा लावला की मग तो पाहुणा राहत नाही.

आता 'कायदा' म्हणजे काय? अरबीत क-ऐन-द या तीन अक्षरांच्या धातूचा अर्थ आहे बसणे. त्यावरून 'काइदा' म्हणजे बैठक, जोते, पाया. इमारत ज्याच्यावर बसते ते. मग ज्याच्यावर व्यवहार बसतो तो नियम, तोही कायदा. हिजरी वर्षातला अकरावा महिना 'जिल्काद' तुम्ही भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पाहिला असेल. त्याच्या पोटातही हेच बसणे आहे. तो लढाया थांबवून घरी बसण्याचा महिना. आणि शाळेत आपण सगळ्यांनी जी 'कवायत' केली ती कोण? ती 'कायदा'चे अरबी अनेकवचन, 'कवाइद'. नियम, नियम आणि नियम. एक साथ, सावधान, विश्राम. धातूचा अर्थ बसणे, आणि त्याच्या नावाने पोरांना उन्हात उभे करायचे! भाषेला विनोदबुद्धी आहे ती अशी.

आमच्या घरात मात्र 'कायदा' हे एका पुस्तकाचे नाव होते. मुसलमान घरातली पोरे कुराण वाचायला शिकण्याआधी अक्षरओळखीचे पातळ पुस्तक वाचतात, त्याला कायदा म्हणतात. बगदादी कायदा, नूरानी कायदा. अलिफ, बे, ते. सकाळी मदरशात कायदा आणि अकरा वाजता मराठी शाळेत बाराखडी, असा आमचा दिवस असे. त्या कायद्याची शिवण उसवायची, पाने सुटायची, आणि आजी ती पाने कापडात बांधून फळीवर ठेवायची. पायदळी येता कामा नयेत म्हणून. पुढे इतिहासाच्या तासाला गुरुजींनी 'गांधीजींनी कायदेभंग केला' असे सांगितले, तेव्हा वर्गातल्या आम्हा दोघा-तिघांच्या डोळ्यांपुढे फाटलेले पुस्तकच आले. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि हसलो. गुरुजींना वाटले, आम्ही गांधीजींना हसलो.

२००१ नंतर हाच शब्द 'अल' हा उपपद लावून जगभरच्या बातम्यांत आला. त्याचाही अर्थ तोच, तळ, पाया. तेव्हापासून घरातल्या पोराला 'कायदा आण रे' असे चारचौघांत म्हणताना एखादी आई क्षणभर थबकली असेल, तर मला तिचे नवल वाटत नाही. शब्द पळवून नेता येतात. माणसासारखी त्यांची फिर्याद मात्र नोंदवता येत नाही.

इथे थोडे लांब जाऊ. पार नॉर्वेपर्यंत. नॉर्वेजियन भाषेत कायदेभंगाला 'लोवब्रुड' म्हणतात. लोव म्हणजे कायदा, ब्रुड म्हणजे मोडणे. आपल्यासारखाच दोन तुकड्यांचा शब्द, त्याच क्रमाने. आणि आत डोकावले तर आणखी गंमत. 'लोव' हा प्राचीन नॉर्स भाषेतल्या 'लोग' या शब्दाचा वारस. त्याचा मूळ अर्थ आहे मांडून ठेवलेल्या गोष्टी, घातलेले थर. एकाखाली एक रचलेले, बसवलेले. म्हणजे बर्फातल्या माणसाला कायदा म्हणजे काहीतरी खाली घालून ठेवलेले वाटले, आणि वाळूतल्या माणसाला खाली बसलेले. दोघांनी एकमेकांना विचारले नव्हते. इंग्रजांचा 'लॉ' हा शब्दही या नॉर्स शब्दावरूनच आलेला आहे. इंग्लंडच्या किनाऱ्यावर ज्यांनी मठ लुटले, गावे जाळली, ते व्हायकिंग तिथे वस्ती करून राहिले आणि इंग्रजीला 'कायदा' हा शब्द देऊन गेले. कायद्याबाहेर टाकलेल्या माणसासाठीचा 'आउटलॉ' हाही त्यांचाच. लुटारूंनी दिलेला शब्द घेऊन इंग्रज पुढे आपल्याकडे न्याय करायला आले.

'ब्रुड'चे तर 'भंग'शी गोत्र जुळावे इतके साम्य आहे. हाड मोडले की नॉर्वेजियन माणूस 'बाइनब्रुड' म्हणतो, आपण अस्थिभंग. दिलेला शब्द मोडला तर तो 'लोफ्टेब्रुड' म्हणतो, आपण वचनभंग. आपल्या एकाराचा भाऊसुद्धा तिथे भेटतो. 'बार्न' म्हणजे मूल, 'हागे' म्हणजे बाग, पण बालवाडीला म्हणायचे 'बार्नेहागे'. मध्ये तोच जोडणारा ए. मात्र त्यांच्याकडे तो लावण्याचा नियम वेगळा, आणि 'लोवब्रुड'मध्ये तो लागतही नाही. तिथे दोन तुकडे डिंकावाचूनच बसतात.

कवी माणसाला 'भंग' हा शब्द सोडवत नाही. छंदात यती चुकली की यतिभंग. मैफलीत कोणी खोकला की रसभंग. आणि जे मोडत नाही ते अभंग. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी, जन्माने मुसलमान असून, मराठीत 'योगसंग्राम' लिहिला, अभंग रचले. मी मराठीत का लिहितो असे कोणी विचारले की मी त्यांचे नाव सांगतो आणि गप्प बसतो.

पण भंगाची सर्वांत विचित्र जोडी वेगळीच आहे. 'सविनय कायदेभंग' आणि 'विनयभंग'. पहिल्यात विनय सांभाळून कायदा मोडायचा. दुसऱ्यात विनयच मोडायचा, आणि तो मोडणाऱ्यावर कायदा चालवायचा. पहिल्याने माणूस ताम्रपट मिळवतो, दुसऱ्याने तोंड लपवतो. शब्द तेच, नुसती जागा बदलली.

कायदा न पाळण्याला मराठीत भंग हा एकच शब्द नाही. उल्लंघन आहे, पायमल्ली आहे, अतिक्रमण आहे. उल्लंघन म्हणजे ओलांडून उडी मारणे. दसऱ्याला आपण सीमोल्लंघन करतो, सोने लुटतो, म्हणून त्या शब्दाला थोडा सणाचा वास आहे. सिग्नल तोडणारा मोटारसायकलस्वारही उल्लंघनच करतो आणि चेहऱ्यावर दसराच असतो. पायमल्ली फारसी आहे. 'पायमाल' म्हणजे पायाखाली तुडवलेले. त्यातला 'पाय' आपल्याला मराठी वाटतो, पण तो फारसी पाय आहे. अर्थात संस्कृत 'पाद' हा दोन्ही पायांचा नातेवाईक, तेव्हा भांडण नको. अतिक्रमण म्हणजे पलीकडे पाऊल टाकणे.

आता माझे निरीक्षण सांगतो. वर्तमानपत्रे वाचताना पडताळून पाहा. पायमल्ली नेहमी मोठी माणसे करतात. उल्लंघन सगळेच करतात. भंग करणारा बहुधा काही तत्त्व घेऊन उभा असतो. आणि अतिक्रमण? अतिक्रमण गरीब करतो.

आमचे शहादे तीन भाषांच्या तोंडावर आहे. गोमाई नदी गावाला लागून जाते, पुढे प्रकाशाजवळ तापीला मिळते. उत्तरेला खेतियाकडे निघालात की मध्य प्रदेश, पश्चिमेला कुकरमुंडा, निझरकडे गेलात की गुजरात. एका दिवसात एस.टी.ने तिन्ही राज्ये करून संध्याकाळी घरी येता येते. १९३० च्या त्या चळवळीला या तिन्ही ठिकाणी तीन नावे आहेत. आपण म्हणतो सविनय कायदेभंग. गुजरातीत म्हणतात सविनय कानूनभंग. हिंदीत म्हणतात सविनय अवज्ञा.

वाटतात सारखे, पण नाहीत. 'कानून' हा अरबीत आला तो ग्रीकांकडून. ग्रीक 'कॅनॉन' म्हणजे मापायची सरळ काठी. म्हणजे गुजराती माणूस मापपट्टी मोडतो, मराठी माणूस पाया मोडतो. हिंदी माणूस काहीच मोडत नाही, तो नुसता 'ऐकणार नाही' म्हणतो. अवज्ञा म्हणजे अवमान, आज्ञा न मानणे. इंग्रजी शब्दाचे शब्दशः भाषांतर पाहिले तर हिंदीच अधिक जवळ आहे. तरी मला मराठीचा शब्द मोठा वाटतो. आज्ञा न मानणाऱ्याला समोर कोणीतरी आज्ञा देणारा लागतो. कायदा मोडणाऱ्याला साहेब समोर लागत नाही. तो थेट कागदाशी बोलतो.

हा शब्द शुद्ध करायचा प्रयत्नही झाला. भाषाशुद्धीच्या चळवळीत सावरकरांनी 'कायदा'ऐवजी 'निर्बंध' वापरला. त्यांनी दिलेले 'महापौर', 'दिग्दर्शक' असे कितीतरी शब्द रुजले आणि मराठी श्रीमंत झाली. 'निर्बंध' या अर्थाने रुजला नाही. तो दुसरीकडे गेला. २०२० च्या साथीत 'निर्बंध शिथिल', 'निर्बंध कडक' असे आपण रोज ऐकले, तेव्हा तो कायद्याचा नव्हे, बंधनाचा शब्द होता. माधव जूलियनांचे उदाहरण तर फारच बोलके आहे. त्यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश रचला, मराठीत गझल आणली, आणि नंतर भाषाशुद्धीचा कैवारही त्यांनीच घेतला. एका माणसात दोन्ही बाजू नांदल्या. लोकांनी मात्र कोणाला न विचारता 'कायदेभंग' ठेवून घेतला. बहुतेक उच्चाराला बरा म्हणून. 'निर्बंधभंग' म्हणून घोषणा देऊन पाहा, दुसऱ्यांदा जीभ अडखळेल.

१९३० साली ६ एप्रिलला गांधीजींनी दांडीला मीठ उचलले. पण महाराष्ट्राचा मोठा भाग समुद्रापासून लांब. तापीच्या पाण्यात मीठ नाही, पैनगंगेच्या नाही. मग मोडायला कायदा कुठला? तेव्हा जंगलचा कायदा सापडला. १० जुलै १९३० रोजी पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी सरकारी रानातले गवत कापून जंगल सत्याग्रह केला. बिळाशी, संगमनेर अशी ठिकठिकाणी ही लाट पोचली. २५ सप्टेंबरला उरणजवळ चिरनेरला गोळीबार होऊन माणसे पडली. त्याच वर्षी सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे चौघे येरवड्याला फासावर गेले. आमच्या नंदुरबारचा शिरीषकुमार १९४२ साली ९ सप्टेंबरला झेंडा हाती घेऊन गोळी झेलून पडला, तेव्हा सोळा वर्षांचाही नव्हता. त्याच्या घरची भाषा गुजराती. सरकारच्या कागदावर ही सगळी माणसे कायदा मोडणारीच होती.

पण मला थांबायचे आहे ते पुसदच्या गवताच्या पेंढीपाशी. बापूजी अण्यांनी कापले ते गवत, आणि सातपुड्यातला भिल्ल पिढ्यान्‌पिढ्या कापत आला तेही गवतच. १८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या वनकायद्याने दोघांनाही मनाई. अणे यांनी कापले त्याला कायदेभंग म्हटले गेले. भिल्लाने कापले त्याला चोरी म्हटले गेले. फरक कुठे पडला? अणे यांनी आधी जाहीर केले होते आणि शिक्षा भोगायला ते तयार होते, हे खरे. पण भिल्लाने जाहीर करायचे कोणाला? त्याला तो कायदा झाल्याचेच कोणी जाहीर केले नव्हते.

अशा माणसासाठी मराठीत जो शब्द आहे तो 'गुन्हेगार'. हाही उकलून पाहू. 'गुनाह' फारसी. उर्दूत त्याचा अर्थ पाप. पोलिसाशी संबंध येतो तो 'जुर्म'चा. गुनाह बहुधा देवाच्या वहीत लिहिला जातो. आजी दुआ मागताना स्वतःला 'गुनहगार' म्हणायची, आणि तिने आयुष्यात मुंगीसुद्धा मुद्दाम चिरडली नसेल. तो नम्रतेचा शब्द होता. मराठीत आला आणि चौकीवर जाऊन बसला. पाप देवळात राहिले, गुन्हा ठाण्यात.

त्याचे मूळ अजून मागे न्यायचे तर मध्ययुगीन फारसीत तो 'विनाह' होता. फारसीत शब्दाच्या सुरुवातीच्या 'वि'चा 'गु' झालेला पुष्कळ दिसतो. आपला वृक म्हणजे लांडगा, तो तिकडे 'गुर्ग'. विश्तास्प राजा तिकडे 'गुश्तास्प'. तसाच विनाह झाला गुनाह. आणि विनाह कोणाचा भाऊ? संस्कृत 'विनाश'चा. गुन्हा म्हणजे ज्याने नाश होतो ते. शब्दाची अट मूळची एवढीच होती, नुकसान झाले पाहिजे.

ती अट १८७१ साली इंग्रजांनी काढून टाकली. त्या वर्षीच्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. काही केले नाही तरी हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही. सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत उभी राहिली. तो कायदा १९५२ साली ३१ ऑगस्टला रद्द झाला आणि त्या जमातींना 'विमुक्त' म्हणू लागले. विमुक्त म्हणजे सोडून दिलेले. आता विचार करा, निर्दोष माणसाला 'सोडून दिलेला' असे कायमचे नाव देऊन आपण त्याला काय आठवण करून देत राहिलो.

नॉर्वेवाल्यांनी अलीकडे आपल्या दंडविधानात एक बदल केला. जुन्या १९०२ च्या कायद्यात जबर अपराध आणि किरकोळ अपराध अशी दोन खाती होती, दोन वेगळ्या नावांची. २००५ साली मंजूर झालेला नवा कायदा १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झाला आणि ती वाटणी गेली. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून १८६० ची दंडसंहिता जाऊन न्यायसंहिता आली. दंडाच्या जागी न्याय हा शब्द बसला. ठाण्यात मात्र अजून 'गुन्हा'च दाखल होतो.

शहादे तालुक्यात १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली. त्याआधीपासून अंबरसिंग सुरतवंती, ज्यांना लोक अंबरसिंग महाराज म्हणत, ते आदिवासींना गोळा करत होते. कर्जापायी हातातून गेलेल्या जमिनी परत मागायच्या, एवढीच मागणी. मागायला निघालेल्यांचा मोर्चा कोणाच्या लेखी 'बेकायदा जमाव' होता. १९७४ साली राज्याने आदिवासींच्या जमिनी परत करण्याचाच कायदा केला. बेकायदा जमावाची मागणी कायद्यात जाऊन बसली. बसणे हा तर त्या शब्दाचा मूळ धर्मच.

वर डोंगरात, धडगावकडे, तळोद्याच्या वरच्या पाड्यांवर, वनजमिनीचा तुकडा कसणाऱ्याला सरकारी कागदात 'अतिक्रमणधारक' म्हणत. विदर्भात याच कसण्याला 'जबरानजोत' म्हणतात. जबर अरबी, जोत आपली. पुन्हा तोच अर्धा-अर्धा संसार. २००६ साली वनहक्क कायदा झाला आणि १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो जमीन कसत होता त्याला अर्ज करता येऊ लागला. अर्ज भरला त्या दिवशी अतिक्रमणधारकाचा 'दावेदार' झाला. पाहा, दावा, पण दावेदार, एकार आलाच. ज्याचा दावा मंजूर झाला त्याला 'पट्टा' मिळाला, तो 'पट्टेधारक' झाला. शेत तेच, ज्वारी तीच, बैलसुद्धा तोच. ज्याचा दावा पुराव्याअभावी फेटाळला गेला, तो मात्र संध्याकाळी डोंगर चढून घरी गेला तेव्हा पुन्हा अतिक्रमणधारक झालेला होता.